तेल्याचे अकरा हजार फोटो

फेब्रुवारीतली गोष्ट आहे, पण अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून टाकतोय.

पुण्यात पेठेत माझं डेटा रिकव्हरीचं छोटं दुकान आहे. फेब्रुवारी ते मे म्हणजे आमचा सीझन, कारण शेवटच्या वर्षाच्या पोरांची सबमिशनं. एरवी दुकानदार, फोटोग्राफर, सीए लोक येतात, या चार महिन्यांत नुसती पोरं. काउंटरवरचा आमचा पोरगा जॉबशीटवर प्रत्येकाचं एकच लिहितो, 'पेनड्राइव्ह ओपन होत नाही'. दहा वेळा सांगितलंय की बाबा काय होतंय ते विचार, आवाज येतो का, साइज दाखवतो का, फॉरमॅट मागतो का. नाही म्हणजे नाही.

त्या दिवशी एका इंजिनिअरिंग कॉलेजचे चौघं आले, तीन मुलं आणि एक मुलगी. प्रोजेक्ट काय, तर डाळिंबावरचा तेल्या रोग फोटोवरून ओळखायचा. त्यासाठी चौघांनी पावसाळ्यात सांगोल्याकडच्या बागांत शनिवार-रविवार जाऊन फोटो काढलेले. मृग बहाराला, म्हणजे पावसाळ्यात धरलेल्या फळांना, तेल्या जास्त, त्यामुळे नेमका तोच सीझन धरलेला. पान, फळ, देठ, निरोगी, रोगट, सगळं मिळून अकरा हजार चारशे. म्हणजे साधारण 45 जीबी. माझ्या वेळच्या फ्लॉपीत 1.44 एमबी मावायचं, यांच्या एकेका फोटोला तीन-तीन फ्लॉपी लागल्या असत्या.

पेनड्राइव्ह चकचकीत मेटलचा, वर लेझरनं '2 टीबी'. किंमत विचारली तर ऑनलाइन 649 रुपये. मी तिथंच मान हलवली.

लावला. 2 टीबी दाखवला. फोल्डर सगळे जागेवर, नंबर टाकून व्यवस्थित केलेले, त्यात फाइल्स, प्रत्येकीचं नाव, तारीख, साइज 4 एमबीच्या आसपास. बाहेरच्या माणसाला वाटेल सगळं आहे की मग. एक फोटो हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलीतले कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडला. जेपीजी म्हटली की सुरवात ठरलेली असते, पहिला बाइट एफएफ, दुसरा डी-आठ. इथं 00, म्हणजे काहीच नाही. खाली गेलो, 00. फाइलच्या शेवटापर्यंत गेलो, 00 00 00. असा स्क्रीन मी आधीही पाहिलाय, तरी दर वेळी पोटात गोळा येतोच, कारण खराब झालेल्या ड्राइव्हवर काहीतरी ओरबाडून काढता येतं, पण जे कधी लिहिलंच गेलं नाही ते काढणार कुठून?

चौघांना विचारून कव्हर उघडलं. आत एका फुटकळ रीडर बोर्डावर साधं मायक्रो एसडी कार्ड डिंकानं चिकटवलेलं, 32 जीबीचं. अशा मालात कंट्रोलरचा, म्हणजे ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपचा, प्रोग्राम बदललेला असतो, कॉम्प्युटरनं विचारलं की तो बिनदिक्कत सांगतो, मी 2 टीबी. पहिले 29 जीबी खरोखर लिहितो. त्यापुढं जे येईल ते 'हो हो, लिहिलं' म्हणतो आणि टाकून देतो. फाइलींची यादी मात्र ड्राइव्हच्या सुरवातीच्या भागात असते, आणि या मुलीनं शिस्तीत सगळे रिकामे फोल्डर पहिल्या दिवशीच करून ठेवलेले, म्हणून नावं अशी टकाटक राहिली. बेशिस्त असती तर फोल्डरच गायब झाले असते आणि त्यांना लवकर कळलं असतं. काय बोलणार.

त्या खऱ्या 29 जीबीत काय होतं? 26 जीबीचे सॉफ्टवेअरचे सेटअप, दोन पिक्चर आणि कुणाच्या तरी ताईच्या लग्नाचा व्हिडिओ. उरलेल्या जागेत साडेसातशे फोटो. बस.

मग मी चिडलो. ज्यानं ड्राइव्ह मागवला होता तो मुलगा सगळ्यात मागे उभा होता, त्यालाच धरलं. म्हणलं, 649 रुपयांत 2 टीबी कुठं मिळतं का रे, इंजिनिअर होणार ना तुम्ही, आणि कॉपी झाल्यावर एकदा उघडून बघायची अक्कल नाही?

तो हळूच म्हणाला, "बघितलं होतं सर. त्याच वेळी पाच-सहा उघडले होते. दिसत होते."

आणि मी गप्प झालो. कारण ते खरं असणार हे मला लगेच कळलं. कॉपी केल्या केल्या फाइल उघडली की विंडोज बऱ्याचदा ती ड्राइव्हवरून आणतच नाही, मघाशी रॅममध्ये ठेवलेली प्रतच दाखवतं. ड्राइव्ह काढून परत लावल्यावर बघायला पाहिजे. हे मला धंद्यात पडल्यावर कळलं, त्याला कोण सांगणार होतं? मी डिप्लोमाला होतो तेव्हा दहा फ्लॉप्यांचा डबा घेऊन फिरायचो, मोठी झिप फाइल दहा तुकड्यांत, आणि नेमकी सातवी फ्लॉपी खर्र खर्र करायची, खाली यायचं 'अबॉर्ट, रिट्राय, फेल'. पण तिथल्या तिथं सांगायची तरी. 2009-10 च्या सुमाराला सायबर कॅफेतून शॉर्टकट व्हायरस घरोघरी गेला, पोरं रडत यायची, मी अ‍ॅट्रिबची एक ओळ टाइप करून लपलेले फोल्डर परत दाखवायचो आणि पन्नास रुपये घ्यायचो. त्यातही डेटा तिथंच असायचा. हा असा गोड बोलून काहीच न ठेवणारा प्रकार नवाय.

मूळ फोटो तिघांच्या फोनमधून मुलीच्या लॅपटॉपवर, तिथं वर्गवारी, मग लॅपटॉपची 256 जीबीची एसएसडी डिस्क भरत आली म्हणून पेनड्राइव्हवर कट-पेस्ट. कट! कॉपी नाही, कट. फोनमधलेही पुसलेले. आणि एसएसडीवरून फाइल गेली की विंडोज एसएसडीला कळवतं, ही जागा आता मोकळी, की ती आतल्या आत साफ करते. जुन्या हार्डडिस्कसारखं महिन्यांनी खणून काढायची सोय नाही. कॉलेजचं क्लाउड? माणशी 5 जीबी. पूर्वी अनलिमिटेड होतं म्हणे. ते खरंय, गूगलनं 2022 पासून शिक्षणसंस्थांना फुकटात सगळ्यांत मिळून 100 टीबी ठेवलं, त्यानंतर यांच्या कॉलेजनं पोरांचा कोटा कापला. ठीक आहे, पण मग चार टीबीची एक डिस्क लॅबला ठेवा की. प्रोजेक्ट ग्रुपमागे फी घेताच ना.

निघता निघता मी मुलीला सहज विचारलं, वर्गवारी कशी केलीस, एकेक उघडून? म्हणाली, नाही, एक्स्ट्रा लार्ज आयकॉन करून.

लॅपटॉप इथंच ठेवून जा म्हणलं.

तर होतं असं की त्या व्ह्यूमध्ये विंडोज प्रत्येक फोटोची छोटी प्रत बनवून एका फाइलीत साठवतं, थंबकॅश 256. मूळ फोटो गेला तरी ती प्रत राहते, कुणी डिस्क क्लीनअप मारलं नाही तर. पोरगी आळशी निघाली, देवाची कृपा. रात्री अकरापर्यंत बसून नऊ हजारांच्या जवळपास थंबनेल निघाली. लांब बाजू 256 पिक्सेल. एरवी गिऱ्हाइकाला अशी तिकिटाएवढी चित्रं दिली असती तर शिव्या खाल्ल्या असत्या. पण यांचं रोग ओळखणारं मॉडेल फोटो घेतं तेच 224 बाय 224 पिक्सेल करून! मी फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून आधी काही ऐकूच आलं नाही.

एक भानगड उरली. थंबकॅशमध्ये फाइलींची नावं नसतात, सोळा अंकी हेक्सचा आकडा असतो. म्हणजे तेल्या कुठला आणि निरोगी कुठला, पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी ती मुलगी माझ्याच काउंटरवर बसून करत होती. मी पण थोडे बघितले, मला सगळे काळे डाग सारखेच. "हा तेल्या. बघा, डागाभोवती पाणी शोषल्यासारखं दिसतंय. हे फळ इंग्रजी 'वाय'सारखं चिरलंय, हा पण. हा नाही, हा चिखल उडालाय." दर दोन सेकंदाला एक. आमचा काउंटरवरचा पोरगा बघत राहिलेला.

गाइडला दाखवायला पत्र हवं होतं, 'पेनड्राइव्ह करप्ट झाला' असं. मी तसं लिहिलं नाही. 'ड्राइव्ह बनावट, खरी क्षमता 32 जीबी, विद्यार्थ्यांनी कॉपीनंतर फाइल उघडून तपासल्या होत्या' असं लिहून शिक्का मारला. आता रिपोर्टमध्ये डेटासेट थंबनेलचा आहे हे त्यांनी लिहिलं का, मला माहीत नाही. लिहा म्हणून बजावलं होतं.

आठवड्यानं तो मागे उभा राहिलेला मुलगा एकटाच आला, 64 जीबीचा सीलबंद पेनड्राइव्ह घेऊन. "सर, हा खरा आहे का बघता?" एच-टू-टेस्ट लावलं, पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचतं ते, दीड तास जातो. तो स्टुलावर बसून राहिला. मला त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल काहीतरी म्हणायचं होतं, पण मध्ये एक फोटोग्राफर आला, मग फोन आला, ते राहूनच गेलं. चहा मागवला होता दोन कटिंग. चहावाल्याला पैसे मी देईपर्यंत त्यानंच दिले.