रोज दिसतात का?

प्रश्न नेहमी याच क्रमाने येतात. आधी, "नॉर्वेत ट्रोम्सोला राहता, म्हणजे नॉर्दर्न लाइट्स रोज दिसत असतील ना?" मग मी पळते हे कळलं की, "एवढ्या काळोखात, थंडीत पळता तरी कशा?" साताऱ्याहून मावशी विचारते, पुण्याच्या मैत्रिणी विचारतात, विमानात शेजारी बसलेली अनोळखी माणसंही विचारतात. बरीच वर्षं मी या दोन प्रश्नांना दोन उत्तरं देत आले. 2024 च्या शरदात एका शर्यतीची तयारी करताना कळलं की माझ्यापुरतं उत्तर एकच आहे, फक्त ते सांगायला थोडा वेळ लागतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे उत्तरेकडच्या रात्रीच्या आकाशात हलणारे ते रंगीत प्रकाशाचे पट्टे, रोज दिसत नाहीत. उन्हाळ्यात तर मुळीच नाहीत, कारण तेव्हा इथे रात्रच होत नाही. 10 मे 2024 ला त्याआधीच्या वीस वर्षांतलं सर्वांत मोठं सौरवादळ, म्हणजे हा प्रकाश पेटवणारा सूर्याकडून आलेल्या कणांचा लोंढा, पृथ्वीवर येऊन धडकलं. लडाखमधल्या हानले इथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनीही आकाशातली लाली टिपली. मला सकाळपासून फोन, "तुमच्याकडे तर काय, मेजवानीच असेल!" आणि आमच्याकडे मध्यरात्री खिडकीपाशी पेपर वाचता येईल एवढा उजेड. हानलेला दिसलं ते ट्रोम्सोला दिसलं नाही.

ऑगस्ट संपता संपता काळोख परत येतो आणि पहिल्यांदा दिसलेल्या चांदणीचं इथे लोकांना खरंच अप्रूप असतं. ट्रोम्सो जवळजवळ 70 अंश उत्तरेला आहे. पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवाभोवती या प्रकाशाचं जे कडं असतं, ते बहुतेक रात्री आमच्या डोक्यावरूनच जातं. त्यामुळे वादळाची वाट बघावी लागत नाही. सूर्य जरा कुरकुरला तरी पुरतं. अडवतात ते ढग. समुद्रावरच्या उबदार प्रवाहामुळे आमची थंडी या अक्षांशाच्या मानाने सौम्य आहे, जानेवारीतही पारा सरासरी उणे चारच्या आसपास असतो. पण तोच समुद्र ढग आणि पाऊसही पाठवतो. पर्यटकांच्या गाड्या म्हणूनच संध्याकाळी स्किबोटन गावाकडे किंवा थेट फिनलंडच्या हद्दीपर्यंत निरभ्र आकाश शोधत जातात. मला तसं जाता येत नाही. सकाळी आठला प्रयोगशाळेत असावं लागतं, मुलगा नऊ वर्षांचा आहे. मला जे दिसतं ते घरापासून पळत जाण्याच्या अंतरावर दिसतं.

पळायला मी साताऱ्यात लागले. 2012 मध्ये तिथली हिल मॅरेथॉन सुरू झाली आणि दोन वर्षांनी मैत्रिणीच्या आग्रहाखातर मी नाव घातलं. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याने जायचं आणि तसंच उतरून यायचं, 21 किलोमीटर. धुकं, भुरभुर पाऊस, कडेला छत्री धरून उभी असलेली माणसं, कुणी केळी देतंय, कुणी ढोल वाजवतंय. 2 तास 41 मिनिटं लागली. त्या उतरणीवर मला पहिल्यांदा वाटलं की हे शरीर माझं आहे आणि ते माझं ऐकतं. ते सुख मी इथे येताना बरोबर आणलं. इथे जानेवारीच्या सुरुवातीला अर्धमॅरेथॉन असते. दुपारची शर्यत, पण अंधारात, कारण त्या दिवसांत सूर्य उगवतच नाही. तिच्यासाठी सप्टेंबरपासून तयारी सुरू केली. आठवड्यात चार दिवस: दोन दिवस हलकं पळणं, एक दिवस इंटरव्हल (ठरावीक अंतर जोरात पळायचं, मध्ये थोडी विश्रांती, मग पुन्हा), रविवारी लांबचं. रविवार सोडला तर सगळं मुलगा जेवल्यावर, म्हणजे रात्री आठनंतर.

ट्रोम्सो शहराचा मुख्य भाग एका बेटावर आहे. बेटाच्या पाठीवरून झाडीतून एक वाट जाते, तिच्यावर ओळीने दिवे आहेत. नॉर्वेत अशा वाटेला 'लीसलॉइपे' म्हणतात, दिव्यांची वाट. हिवाळ्यात ती स्कीवाल्यांची, बर्फ पडेपर्यंत आम्हा पळणाऱ्यांची. वाटेजवळ प्रेस्टव्हान नावाचं तळं आहे आणि तळ्याभोवती पायवाट. सप्टेंबरमध्ये तळं गोठलेलं नसतं. नॉर्दर्न लाइट्ससाठी बर्फाच्छादित डोंगर हवेत असं पोस्टकार्डांनी आपल्याला शिकवलंय, पण माझ्या मते सर्वांत सुंदर महिना सप्टेंबर. तेव्हा ते पाण्यातही दिसतात. शिवाय दिवस-रात्र समान होण्याच्या सुमाराला पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सौरवाऱ्याशी अशा कोनात येतं की थोड्या धक्क्यानेही आकाश जागं होतं. सप्टेंबर-ऑक्टोबर आणि मार्च, हे दोन हंगाम त्यामुळेच चांगले.

त्या शरदातली पहिली रात्र 12 सप्टेंबरची. हलक्या पळण्याचा दिवस, आठ किलोमीटर. तळ्याच्या दुसऱ्या फेरीत समोरच्या झाडांवर एक राखाडी पट्टा दिसला. ढग समजून पुढे गेले. तिसऱ्या फेरीत तो पट्टा जागा बदलून बसला होता. मी कपाळावरचा हेडलॅम्प विझवला आणि उभी राहिले. मिनिटाभराने राखाडीत हिरवा मिसळल्यासारखा वाटला, मग पट्टा मधोमध फाटला आणि पडद्याला खालून कुणी वारा घालावा तसा हलायला लागला. खालची कड क्षणभर गुलाबी झाली. पाण्यातही तेच, उलटं.

इथे एक सांगायला हवं, कारण त्यावरून पाहुण्यांची फार निराशा होते. फोटोत दिसतो तेवढा हिरवा रंग डोळ्यांना बहुतेक वेळा दिसत नाही. अंधारात आपण डोळ्यातल्या ज्या पेशींनी बघतो त्यांना रंग कळत नाही, प्रकाश पुरेसा वाढला की मगच हिरवा उमटतो. फिका प्रकाश नीट दिसायलाही डोळ्यांना वीसेक मिनिटं अंधार द्यावा लागतो, आणि एकदा मोबाइल बघितला की ती वीस मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या वाऱ्याने पृथ्वीचं चुंबकीय कवच ढवळलं जातं, तिथून वेग घेतलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांवरून खाली उतरतात आणि शंभरेक किलोमीटर उंचीवर ऑक्सिजनला धडकतात. ऑक्सिजनचा अणू ती ऊर्जा एका सेकंदाच्या आतच हिरव्या प्रकाशात परत देतो. लाल प्रकाश द्यायला मात्र त्याला दोन मिनिटांच्या जवळपास लागतात. एवढा वेळ त्याला दुसऱ्या कुणी धक्का द्यायला नको, म्हणून लाल रंग फक्त फार उंचावर, जिथे हवा अगदी विरळ आहे तिथेच दिसतो. दोन आठशे मीटरच्या मध्ये माझी विश्रांतीही दोन मिनिटांची. हे वाचल्यापासून त्या दोन मिनिटांत मी घड्याळाकडे बघत नाही, वर बघते.

खरी अडचण तिथूनच सुरू झाली. पळणाऱ्याने थांबायचं नसतं आणि आकाश बघणाऱ्याला थांबल्याशिवाय काही मिळत नाही. घामाने भिजलेल्या अंगाने तीन अंशांत उभं राहिलं की पाच मिनिटांत पाठ गार पडते, दहा मिनिटांत दात वाजतात. पहिल्या काही दिवसांत मी सारखी थांबत होते आणि पायाचे स्नायू आखडून घरी येत होते. मग नियम केला: हलक्या दिवशी थांबायचं, इंटरव्हलच्या दिवशी आणि रविवारी थांबायचं नाही. कमरेच्या पिशवीत एक पातळ लोकरी सदरा ठेवायला लागले. आकाश उजळलं की आधी सदरा, मग बघणं.

नियम एकदाच मोडला. 24 सप्टेंबर, मंगळवार, आठशे मीटरच्या सहा फेऱ्या. चौथी फेरी त्या वर्षातली सगळ्यांत चांगली चालली होती, श्वास बसला होता, पाय हलके होते. तेवढ्यात बरोबर डोक्यावर सगळे पट्टे एका बिंदूतून फुटून चारी बाजूंना खाली यायला लागले. अशा वेळी आपण त्या किरणांच्या अगदी खाली उभे असतो, म्हणून ते छत्रीच्या काड्यांसारखे पसरलेले दिसतात. माझी पावलं माझ्या नकळत थांबली. पलीकडे कुत्र्याला फिरवणाऱ्या एक आजी होत्या. त्यांनी माझ्याकडे न बघता हाताने 'या' अशी खूण केली आणि आम्ही दोघी मान मागे टाकून उभ्या राहिलो. एक शब्द बोललो नाही. त्या ऐंशीच्या आसपासच्या असाव्यात, म्हणजे जन्मभर हे बघत आल्या असणार. त्यांच्या गालावर पाणी होतं. थंडीचं असेल, मला विचारवलं नाही. पाचवी आणि सहावी फेरी राहिली. वहीत तो दिवस 'अपुरा' असा लिहिलेला आहे.

माझ्या प्रयोगशाळेतली एक सहकारी सामी, म्हणजे इथल्या उत्तरेकडच्या मूळ रहिवासी समाजातल्या, घरातली आहे. तिला आजीने सांगितलं होतं की आकाशात तो प्रकाश असताना शिट्टी वाजवायची नाही, तो खाली येऊन घेऊन जातो. मला लगेच माझी आजी आठवली. रात्री शिट्टी वाजवली की साप येतो, असं ती आम्हाला दटावायची. कुठे वाई, कुठे उत्तर नॉर्वेतलं फिनमार्क! दोघींच्या आज्या अंधारात तोंड मिटून राहायला सांगत होत्या. मी आजही त्या वाटेवर शिट्टी वाजवत नाही.

10 ऑक्टोबरला पुन्हा मोठं वादळ आलं, पुन्हा युरोपभर, पुन्हा हानलेपर्यंत. या वेळी आमच्याकडे रात्र होती, पण मुलाला ताप होता. मी त्याच्या उशाशी बसून होते, खिडकीचा पडदाही सरकवला नाही. सकाळी जगभरातले फोटो फोनवर आलेले. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. सहा दिवसांनी कोजागिरी होती. मुलगा बरा झाला होता, मी मसाला दूध आटवलं, थर्मासात भरलं आणि आम्ही तिघं तळ्यावर गेलो. नॉर्दर्न लाइट्स त्या रात्री नव्हते. चंद्र होता, आणि गरम दूध.

त्या महिन्यात चढावाचा सराव शेर्पांच्या पायऱ्यांवर केला. पूल ओलांडला की समोरच्या डोंगरावर बाराशेच्या वर दगडी पायऱ्या आहेत, नेपाळहून आलेल्या शेर्पांनी रचलेल्या. नॉर्वेत अनेक डोंगरवाटा त्यांनीच बांधल्या आहेत. एकेक दगड असा बसवलाय की पाऊल चुकत नाही. अजिंक्यताऱ्यावर चढून वाढलेल्या माझ्या पायांना त्या पायऱ्या ओळखीच्या वाटल्या.

ऑक्टोबरच्या अखेरीस घड्याळं तासाभराने मागे गेली, दुपारी तीनला दिवे लागायला लागले. मग बर्फ पडला, दिव्यांच्या वाटेवर स्कीच्या रेघा आखल्या गेल्या आणि आम्ही पळणारे खाली रस्त्यावर आलो. हे मला जड गेलं. रस्त्यावर दिव्यांचा झगमगाट, वर काही असलं तरी फिकं. त्यात बर्फावर पाऊस पडून पुन्हा गोठला की सगळा रस्ता काचेसारखा होतो. त्याला इथे 'होल्के' म्हणतात. बुटांच्या तळाला खिळे असूनही 19 नोव्हेंबरला मी पडले, उजवं मनगट मुरगळलं, दहा दिवस पळणं बंद. त्याच दहा दिवसांत सूर्य गेला. तो 27 नोव्हेंबरपासून क्षितिजाखाली असतो, पण डोंगरांमुळे शहराला आठवडाभर आधीच दिसेनासा होतो आणि थेट 21 जानेवारीला परत दिसतो. दुपारी बारा वाजता आकाश दोनेक तास गडद निळं होतं, तेवढाच दिवस.

तुम्ही 'काळोखात पळता कशा' म्हणता, त्याचं उत्तर डिसेंबरमध्ये आहे. त्या महिन्यात घरातून बाहेर पडायला कारण लागतं. दिवा, खिळ्यांचे बूट, चमकपट्ट्यांचं जाकीट, दोन थर लोकर, एवढं चढवून दाराबाहेर जायचं, तेही समोर काही दिसेल याची खात्री नसताना. केवळ नॉर्दर्न लाइट्ससाठी मी गेले नसते, ढग बघून परत फिरले असते. वहीत रविवारचे सोळा किलोमीटर लिहिलेले होते म्हणून गेले. आणि केवळ किलोमीटरसाठी तरी गेले असते का? सांगता येत नाही. 8 डिसेंबरला अकराव्या किलोमीटरला पाय पूर्ण रिकामे झाले होते. बेटाच्या दक्षिण टोकाला, टेलिग्राफबुक्ताच्या किनाऱ्यावर, दिवे संपतात. तिथे ढगाला एक फट पडली आणि त्या फटीतून हिरवं दिसलं, हातभर. रविवार होता, थांबायचं नव्हतं. थांबले नाही, पण उरलेले पाच किलोमीटर त्या फटीकडे बघत गेले.

शर्यतीच्या दिवशी आकाश बंद होतं. भुरभुर हिमवर्षाव, रस्त्याकडेला पेटवलेले दिवे, मुख्य रस्त्यावर लोकांचा ओरडा. 2 तास 14 मिनिटं, साताऱ्यापेक्षा सत्तावीस मिनिटं कमी. अर्थात तिथे घाट होता. पूर्ण 21 किलोमीटर मी एकदाही वर बघितलं नाही.

आता हिशोब. 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर मी 61 वेळा पळायला बाहेर पडले. 17 वेळा दिसले. त्यातल्या चार रात्री जन्मभर लक्षात राहतील अशा, बाकीच्या तेरा राखाडी पट्ट्याच्या, ज्या दुसऱ्या कुणी ढग म्हणून सोडून दिल्या असत्या.

मावशी पुढच्या सप्टेंबरात येतेय. बासष्ट वर्षांची आहे, रोज सकाळी साताऱ्याच्या टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत चढून जाते. तिला तीन रात्रींची सहल हवी होती, मी दहा दिवसांचं तिकीट काढायला लावलं. कॅमेरा नको, चालायचे बूट घेऊन ये म्हटलं. जेवण झालं की रोज तळ्याला दोन फेऱ्या, ढग असले तरी. पहिली दिवा लावून, दुसरी विझवून.