वर्ध्याची विहीर स्वालबार्डला

अमरावती आणि वर्धा शहरांच्या आसपासच्या विहिरींचे अक्षांश-रेखांश मीटरमध्ये बदलण्यासाठी आज टर्मिनलवर प्रोज या नकाशा-निर्देशांक रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधील ‘सीएस२सीएस’ ही आज्ञा चालवली, तेव्हा वर्ध्याच्या एका विहिरीचे विषुववृत्तापासून उत्तरेकडील अंतर सुमारे २३ लाख मीटरऐवजी ९० लाखांच्या पुढे गेले. माझ्या फाइलमध्ये रेखांश आधी होते आणि ‘ईपीएसजी:४३२६’ (साध्या अक्षांश-रेखांश पद्धतीचा संकेतांक) असे लिहिले की प्रोजच्या सहाव्या आवृत्तीपासून अक्षांश आधी अपेक्षित असतो, त्यामुळे ७८.६ अंश पूर्वेची ही विहीर ७८.६ अंश उत्तरेला, म्हणजे थेट आर्क्टिकमधील स्वालबार्ड बेटांच्या बर्फात, जाऊन पोचली होती. (तिथे पाणीटंचाई नसावी.)

रकाने अदलाबदल करूनही काम संपले नाही. मीटरमधले आकडे देणाऱ्या यूटीएम या नकाशा-प्रक्षेपणात पृथ्वीचे उभे पट्टे पाडलेले असतात; रेखांशाच्या दर सहा अंशांना पट्टा बदलतो आणि ७८ अंशांचे रेखावृत्त नेमके या दोन शहरांच्या मधून जाते. अमरावती ४३व्या पट्ट्यात येते, वर्धा ४४व्या. प्रत्येक पट्ट्याच्या मध्य रेखावृत्ताला पूर्वेकडील अंतर ५,००,००० मीटर धरलेले असल्याने दोन्ही पट्ट्यांचे आकडे एका तक्त्यात मिसळता येत नाहीत. शेवटी सगळ्याच विहिरी ‘ईपीएसजी:३२६४४’मध्ये, म्हणजे ४४व्या पट्ट्यात, घेतल्या, कारण अमरावती त्या हद्दीपासून जेमतेम पाव अंश पश्चिमेला आहे आणि एवढ्याने मापात फारसा फरक पडत नाही.