कुठल्या समुद्राची सपाटी?

डोंगर, किल्ला, विमानतळ, कशाचीही उंची वाचा, मागे "समुद्रसपाटीपासून" हे शेपूट असतंच, आणि आपण ते इतकं सवयीने वाचतो की बाबा कुठला समुद्र, कधीचा, भरतीचा की ओहोटीचा, हे विचारायचं डोक्यातच येत नाही. एव्हरेस्ट ८८४८.८६ मीटर, नेपाळ आणि चीनने २०२० मध्ये मिळून जाहीर केलेला आकडा. म्हणजे वरचे ८६ सेंटीमीटरसुद्धा सोडले नाहीत! आणि मोजलं कशापासून, तर जे दोन मिनिटं एका जागी थांबत नाही त्या पाण्यापासून.

तर करतात असं की एखादं बंदर ठरवायचं, तिथे पाण्याची पातळी नोंदणारं यंत्र बसवायचं आणि वर्षानुवर्षं नोंदी घेत राहायचं, मग सरासरी. साधारण १९ वर्षांच्या नोंदी धरायची पद्धत आहे, कारण चंद्राच्या कक्षेचं एक चक्र १८.६ वर्षांचं असतं आणि भरती-ओहोटी त्याच्या तालावर थोडीथोडी बदलते, ते सगळं एकदा होऊन जाऊ द्यायचं. मला हा चिवटपणा फार आवडतो. एक शून्य ठरवायला एकोणीस वर्षं!

पण बंदर बदललं की शून्य बदलतं, ही खरी गंमत. जर्मनी उंची मोजते ती ॲमस्टरडॅमच्या, म्हणजे उत्तर समुद्राच्या हिशोबाने आणि स्वित्झर्लंड मार्सेच्या, म्हणजे भूमध्य समुद्राच्या. दोघांत २७ सेंटीमीटरचा फरक. ऱ्हाइन नदीच्या दोन्ही काठांवर लाउफेनबुर्ग नावाचीच दोन गावं आहेत, एक इकडच्या देशात, एक तिकडच्या, त्यांच्यामध्ये पूल बांधायला घेतला तेव्हा इंजिनिअर लोकांना हा फरक माहीत होता बरं का, त्यांनी तो हिशोबात धरलाही, फक्त प्लसच्या जागी मायनस केलं आणि २७ चे झाले ५४. हे २००३ मध्ये लक्षात आलं आणि जर्मन बाजूचं काम दुरुस्त करावं लागलं. एवढे हुशार लोक, पण चिन्हाची चूक ती चिन्हाचीच चूक, शाळेतल्या पेपरात असो नाहीतर पुलावर.

बरं, सगळे समुद्र जोडलेलेच आहेत ना, मग पाणी सगळीकडे एका लेव्हलला का येत नाही? वारे, प्रवाह, खारटपणा, तापमान ही कारणं आहेतच, पनामाच्या पॅसिफिक बाजूला पाणी अटलांटिक बाजूपेक्षा सुमारे २० सेंटीमीटर वर असतं. पण हे चिल्लर झालं. मोठा खेळ गुरुत्वाकर्षणाचा. पृथ्वीच्या पोटात वस्तुमान सगळीकडे सारखं नाही, जिथे जास्त तिथे पाणी ओढलं जाऊन फुगतं, कमी तिथे खाली बसतं. पृथ्वीचा गणिती, गुळगुळीत आकार धरला तर श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्र त्याच्या १०० मीटरहून जास्त खाली आहे आणि न्यू गिनीच्या बाजूला ८० मीटरच्या आसपास वर. या खालीवर असलेल्या पृष्ठभागाला जिऑइड म्हणतात. तिथून जहाज जातं तेव्हा मात्र चढ ना उतार, काहीच जाणवत नाही, कारण ओळंबा सोडला तर तो त्या पृष्ठभागाला काटकोनातच राहणार, मग पाण्याने वाहायचं तरी कुठे!

जीपीएस मुळात मोजतं त्या गणिती आकारापासून, जिऑइडपासून नाही. म्हणून काही साध्या ॲपमध्ये दक्षिण भारताच्या किनाऱ्यावर पाय ओले करत उभं राहिलं तरी उंची मायनस ८०-९० मीटर दिसू शकते. फोन बिघडलेला नसतो, ॲपने जिऑइडची दुरुस्ती केलेली नसते इतकंच.

मग वाटतं, एवढी कटकट कशाला, सरळ पृथ्वीच्या केंद्रापासून मोजा ना. मोजा की. पृथ्वी विषुववृत्ताशी फुगलेली, तिथली त्रिज्या ध्रुवापेक्षा सुमारे २१ किलोमीटर जास्त, त्यामुळे एव्हरेस्टचा पहिला नंबर जातो आणि इक्वाडोरमधला ६२६३ मीटरचा चिंबोराझो पुढे येतो, तोही दोनेक किलोमीटरने. तेवढं चालेल एक वेळ. पण मिसिसिपी नदी उत्तरेकडून विषुववृत्ताच्या दिशेने वाहते, तिचं मुख उगमापेक्षा केंद्रापासून सुमारे ६ किलोमीटर जास्त लांब आहे, म्हणजे या मापाने आख्खी नदी चढावर वाहते. ज्याला कालवा खणायचाय किंवा ड्रेनेजचा पाइप टाकायचाय त्याला पाणी कुठल्या बाजूला जाणार एवढंच हवं असतं, आणि ते समुद्रसपाटीवाली उंचीच सांगते.