संत्र्याची साल आणि पाच पेले

आमचे गाव मोर्शी तालुक्यात आहे आणि नागपूरला जाणारी आमची एस.टी. आष्टी, तळेगाव, कारंजा असा वर्धा जिल्हा ओलांडून जाते. त्या जिल्ह्यात दारूबंदी असल्याने नागपूरहून बिअर बांधून आणणे शहाणपणाचे नाही. म्हणून जे चाखायचे ते तिथेच, बिअर बनते त्या ब्रुअरीच्या टेबलावर चाखायचे, रात्री पुतण्याकडे मुक्काम करायचा आणि घरी येताना सोबत फक्त वही आणायची, असा नियम मी घालून घेतला आहे. या दिवाळीनंतर आमच्या संत्र्यांच्या आंबिया बहराचा पहिला तोडा आटोपला आणि मी दोन दिवसांत दोन लहान ब्रुअऱ्यांमध्ये बसून आलो.

पहिल्या ठिकाणी लहान लहान पाच पेले लाकडी पाटीवर मांडून आणले. फिकटाकडून गडदाकडे जावे, दोन घोटांच्या मध्ये साधे पाणी प्यावे आणि तोंडात टाकायला मीठ नसलेले फुटाणे ठेवावेत, हे मी अनुभवाने शिकलो आहे. पुतण्याने हौसेने सावजी मटण मागवले होते. ते मी शेवटापर्यंत झाकून ठेवायला लावले, कारण त्या तिखटानंतर जिभेला चव राहत नाही, नुसती आग राहते.

पहिला पेला पिल्सनरचा होता. ही शैली 1842 मध्ये बोहेमियातल्या पिल्सेन गावी जन्मली. तिथले पाणी अतिशय मृदू, त्यामुळे हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालायच्या कडू फुलांचा, कडवटपणा स्वच्छ उतरतो. लहान ब्रुअऱ्या ती कमी करतात, आणि त्याला कारण आहे. पिल्सनर ही लागर जातीची बिअर, आणि लागरचे यीस्ट थंडीत सावकाश काम करते, त्यानंतर बिअर आठवडेच्या आठवडे थंड टाकीत मुरत ठेवावी लागते, आणि ज्याच्याकडे टाक्याच मोजक्या, तो एवढा वेळ एक टाकी कशी अडकवून ठेवील? एल ही दुसरी, उबेत आंबणारी जात मात्र दोन-तीन आठवड्यांत तयार होते. इथला पिल्सनर मला थोडा घाईने काढलेला वाटला.

हेफेवायझन दोन्हीकडे होती, त्यामुळे खरी तुलना तिचीच झाली. ही बव्हेरियातली गव्हाची बिअर, निम्म्याहून अधिक माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) गव्हाचा, रंगाने गढूळ. पहिला घोट घेताच पुतण्या म्हणाला, "काका, याच्यात केयं टाकलं का हो यायनं?" केळे कुणी टाकलेले नसते. पिकल्या केळ्यात जे आयसोअमाइल अ‍ॅसिटेट असते तेच या बिअरचे यीस्ट आंबवताना स्वतः तयार करते, आणि तेच यीस्ट लवंगेसारखा वासही देते. आंबवण्याचे तापमान थोडे चढले की केळे पुढे येते. पहिल्या ब्रुअरीत केळे इतके पुढे होते की शिकरण आठवावे. दुसरीत लवंग आणि केळे बरोबरीने चालत होते, आणि मला तीच सरस वाटली.

पण मी गेलो होतो तो विटबिअरसाठी. बेल्जियममधल्या होएगार्डन गावाची ही बिअर विसाव्या शतकाच्या मध्यास तिथून पुरती संपली होती. 1966 मध्ये पिएर सेलिस नावाच्या एका दूधवाल्याने ती पुन्हा सुरू केली. हिच्यात माल्ट न केलेला कच्चा गहू असतो, धणे असतात, आणि असते संत्र्याची साल, म्हणजे मुळात कुरासाओ बेटावरच्या कडू संत्र्याची. संत्रा पिकवणाऱ्याने या पेल्याचे नुसते कौतुक करून भागत नाही, त्याला तो तपासावाच लागतो. पहिल्या ब्रुअरीत त्यांनी सालीऐवजी रस घातला होता, हे नाकाला लगेच कळले. रसातली साखर यीस्ट खाऊन टाकते आणि मागे उरते ती आंबट, पाणचट चव. दुसऱ्या ठिकाणी साल उकळीच्या अगदी शेवटी घातलेली होती, आणि पेला नाकाजवळ नेताच तोड्याच्या दिवसांत हाताला येतो तसा वास आला. धणे मात्र जरा जास्त झाले होते. पहिल्या घोटाला थेट आमटीची आठवण झाली.

चौथा पेला आयपीएचा, म्हणजे हॉप्स भरपूर घातलेल्या एलचा. त्यात संत्र्याचा कणही नसताना वास लिंबूवर्गीयच होता, कारण अमेरिकन हॉप्सच्या तेलातच तो असतो. वास मला आवडला, कडवटपणा नाही. पाचवी स्टाउट, भाजलेल्या सातूची काळी बिअर: कॉफी, आणि तव्यावर करपलेल्या भाकरीचा पापुद्रा. ती फार थंड आणली होती. पंधरा मिनिटे तशीच ठेवली तेव्हा कुठे बोलू लागली. मग सावजीचे झाकण काढले. तिखट आणि हॉप्सचा कडवटपणा एकमेकांना चढवतात, त्यामुळे आयपीए तिथे निकामी ठरली आणि उरलेली हेफेवायझनच कामाला आली.

दुसऱ्या ब्रुअरीत बिअर बनवणाऱ्या तरुणाला मी सांगितले की आमचा बाग आहे आणि साल हवी तेवढी देता येईल. व्यापारी भाव पाडतात, फळगळीने निम्मा माल जमिनीवर जातो, तेव्हा मनातल्या मनात मी क्रेट मोजायला लागलो होतो. त्याने विचारले, "काका, वाळलेली देऊ शकाल का?" मी हो म्हटले, आणि किती लागेल ते विचारले. पाचशे लिटरच्या टाकीला अर्धा किलो, तो म्हणाला. दोघेही हसलो. तरीही त्याने सूचना नीट लिहून दिल्या: फळ झाडावर पिकलेले असावे, आतला पांढरा गर चमच्याने खरवडून काढावा कारण कडवटपणा त्याचाच, आणि साल उन्हात न टाकता सावलीत वाळवावी, नाहीतर तेल उडून जाते.

सध्या माडीवरच्या खोलीत सुती कापडावर साल पसरलेली आहे. सौभाग्यवतींनी त्यातली मूठभर उटण्यासाठी आधीच उचलली आहे, त्यामुळे अर्धा किलो भरेल की नाही याची मला थोडी काळजी वाटते.