लेझीमच्या व्हीआर ॲपची किंमत आणि चालू खात्यापाशी रुतलेलं गाडं : माझा अनुभव

आधी कामाचं सांगते. खेड्यात बसून ॲप विकणार असाल आणि महिन्याची वर्गणी लावायचं मनात असेल, तर आकडा नंतर ठरवा, आधी व्यवसायाच्या नावाचं चालू खातं उघडून घ्या. माझं गाडं तिथंच रुतलं होतं. आजही त्या शाखेसमोरून गेले की डोकं तापतं.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात. ॲप लेझीमचं आहे, व्हीआरमधलं, म्हणजे डोळ्यांपुढं आभासी जग उभं करणारं. हेडसेट डोळ्यांवर चढवायचा, दोन्ही हातांत कंट्रोलर धरायचे आणि डफड्याच्या ठेक्यावर हात, खांदे, गुडघे सगळं चालवायचं. वीस मिनिटांत अंगातून घाम निथळतो. लेझीमचे हात बसवून दिले आमच्या ओळखीच्या एका निवृत्त पीटीच्या सरांनी. ते अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेले. १९१४ साली सुरू झालेलं हे मंडळ. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला त्यांचंच पथक गेलं होतं. सरांनी एकेक बैठक माझ्याकडून मोडून मोडून करून घेतली, म्हणून ॲपमधली हालचाल खरी वाटते. ॲप तयार झालं, स्टोअरवर मंजूरही झालं. त्यात लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

प्रश्न आला किमतीचा. या धंद्यात दोन सरळ वाटा दिसतात. बीट सेबर हा व्हीआर खेळ एकदाच विकत घ्यायचा, पुढे हवे तर गाण्यांचे पॅक घ्यायचे. सुपरनॅचरल या व्हीआर व्यायामाच्या ॲपची महिन्याची वर्गणी होती, दहा डॉलरच्या आसपास. फिटएक्सआर हे तसंच दुसरं ॲप आधी एकदाच विकलं जायचं, ते २०२१ मध्ये वर्गणीवर गेलं. वर्गणीचा मोह कोणालाही पडेल, कारण पैसा दर महिन्याला येत राहतो. पण वर्गणी घेतली की दर आठवड्याला नवा व्यायाम द्यावा लागतो. सुपरनॅचरलकडे तेव्हा प्रशिक्षकांची फौज होती, गाण्यांचे हक्क विकत घेतलेले होते. माझ्याकडे एक सर आणि एक डफडंवाला. म्हणून परदेशातल्या आणि मोठ्या शहरांतल्या, स्वतःचा हेडसेट असणाऱ्यांसाठी एकदाच घ्यायची किंमत ठेवली, १४.९९ डॉलर. त्यातले ३० टक्के स्टोअर घेतं, हातात साडेदहा डॉलर पडतात. हा निर्णय एका संध्याकाळी झाला.

पण माझा जीव गुंतला होता तो इथल्या गिऱ्हाइकात. दारव्हा, दिग्रस, आर्णीकडे घरी हेडसेट कोणाकडे असणार? जिमवाला किंवा एखादी शाळा एक हेडसेट घेते आणि तो पन्नास पोरं वापरतात. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे रोडवर पळतात, पावसाळ्यात चिखलामुळे त्यांचं पळणं बंद पडतं. त्यांना हे फार आवडलं. तिथं माणशी किंमत लावता येत नाही, केंद्राला, म्हणजे त्या जिमला किंवा शाळेला लावावी लागते. मी ठरवलं महिना ६०० रुपये, यूपीआय ऑटोपेनं आपोआप कापले जाणारे. पेमेंट गेटवेनं, म्हणजे ऑनलाइन पैसे गोळा करून देणाऱ्या कंपनीनं, ऑटोपे सुरू करायला चालू खातं मागितलं. झालं!

तालुक्याच्या बँकेत गेले. पॅन, आधार, उद्यम या लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं प्रमाणपत्र आणि दुकाने अधिनियमाखालची पावती, सगळं फाइलमध्ये लावून. महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्यानुसार तेव्हा दहापेक्षा कमी माणसं कामाला असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असायची, तिची पावती मिळायची. काउंटरवरचे साहेब म्हणाले, “ही पावती आहे, लायसन आणा.” कामगार कार्यालयात गेले तर ते म्हणाले, तुम्हाला लायसन लागतच नाही, देणार कुठून? परत बँकेत. “मग जीएसटी नंबर आणा.” सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि फाइल बाजूला ठेवली.

पुढच्या खेपेला व्यवसायाचा रकाना भरायचा होता. कॉम्प्युटरवर यादी उघडली : किराणा, कृषी केंद्र, कापड, हॉटेल, गिरणी. ॲप कशात बसवायचं यावर साहेब आणि शेजारचा क्लार्क बराच वेळ बोलले आणि शेवटी त्यांनी “इतर” निवडलं. फाइल वरच्या कार्यालयात गेली आणि एका ओळीच्या शेऱ्यासह परत आली : व्यवसायाचे स्वरूप स्पष्ट नाही. मी दोन पानांत स्वरूप लिहून दिलं. पुन्हा तोच शेरा.

मग साहेबांनी विचारलं, “तुमचे मिस्टर काय करतात?” मी म्हटलं, शेती. “मग त्यांच्या नावानं काढा ना खातं, त्यांची इथं ओळख आहे.” कोड मी लिहिला, पॅन माझं, उद्यम माझ्या नावावर, आणि खातं नवऱ्याच्या नावानं? त्या दिवशी बसस्टँडवर मी नुसती धुमसत होते.

जागा पाहायला माणूस येईल असं कळलं, म्हणून फ्लेक्स छापून घेतला आणि दारावर लावला. आमच्या माडीवर एका खोलीत माझं टेबल, बाजूच्या खोलीत छतापर्यंत कापूस. आलेल्या माणसानं आधी कापसाचा फोटो काढला, मग फ्लेक्सचा, आणि विचारलं, “माल कुठं ठेवता?” मी लॅपटॉप उघडून दाखवला, हेडसेट हातात दिला. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला आणि कागदावर लिहिलं, “साठा आढळला नाही.” ते अक्षर मला अजून डोळ्यांपुढं दिसतं. सॉफ्टवेअरचा साठा कुठून आढळणार!

इथून पुढे मी तोंडी बोलणं बंद केलं, आणि हाच माझा सगळ्यात मोठा सल्ला आहे. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत एकट्याच्या व्यवसायासाठी धंद्याचे दोन पुरावे मागितले आहेत. दोन देणं शक्य नाही अशी खात्री पटली, तर प्रत्यक्ष जागेची पडताळणी करून एकावर खातं उघडायची मुभा बँकेला दिलेली आहे. मी अर्जात हे लिहिलं. उद्यम प्रमाणपत्रावरचा ६२ नं सुरू होणारा व्यवसाय संकेतांक, म्हणजे संगणक प्रोग्रॅमिंगचा, ठळक करून जोडला. शेवटी लिहिलं की खातं नाकारायचं असेल तर कारण लेखी द्या. पोच मागितली. “पोच कशाला, ठेवून जा,” म्हणाले. शिक्का मिळेपर्यंत मी काउंटरसमोरून हलले नाही. मागं रांग वाढत गेली, लोक कुरकुरले, पण मी उभी राहिले. घरी येऊन बँकेच्या तक्रार विभागाला त्याच शिक्क्याच्या कागदासह मेल टाकला. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं तर आधी बँकेकडे तक्रार करून ३० दिवस थांबावं लागतं, म्हणून तारखेचा शिक्का सोन्यासारखा. लोकपालापर्यंत जायची वेळ आली नाही. वरच्या कार्यालयातून फोन आला, आणि तेच साहेब म्हणाले, “मॅडम, या, फक्त एक सही राहिली आहे.”

चेकबुक हातात पडलं तेव्हा माझं नाव आणि ॲपचं नाव एकाखाली एक छापलेलं पाहून मी बँकेतच दोनदा वाचलं.

ऑटोपे सुरू झालं. पैसे कापायच्या २४ तास आधी गिऱ्हाइकाला सूचना जाते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. चांगलाच नियम आहे. पण ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या सुमारास, एकामागून एक मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायला गिऱ्हाइकानं दिलेल्या परवानग्या, फेल जायला लागले. खात्यात पैसेच नव्हते. दिग्रसकडच्या एका जिमवाल्या दादांना फोन केला तर म्हणाले, “ताई, आता कायचे पैसे? पोरंच फी देऊन नाही राहिले. सोयाबीन निघू द्या, मंग सालभराचे एकदमच घेऊन घ्या.”

दादा बरोबर बोलत होते. आमच्याकडे पैसा दर महिन्याला येत नाही. सोयाबीन ऑक्टोबरात निघतं, कापूस दिवाळीपासून पुढे वेचला जातो, तूर जानेवारी-फेब्रुवारीत. जिमची फी, किराण्याची उधारी, ट्रॅक्टरचा हप्ता, सगळं त्याच दिवसांत फिटतं. महिन्याची वर्गणी पगारदार माणसासाठी ठीक आहे. मी ती काढून टाकली आणि केंद्रांसाठी वर्षाचे ६,००० रुपये ठेवले, दसरा ते संक्रांत या काळात भरायचे. उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात कोणी नवीन आलं तर दसऱ्यापर्यंत फुकट वापरू देते. हे चाललं. ज्यांचे मँडेट फेल जायचे त्याच लोकांनी वर्षाचे पैसे एकरकमी दिले, तेही न मागता.

खात्यासाठी केलेली पायपीट वाया गेली असं मला मुळीच वाटत नाही. शाळा आणि संस्था चेक काढतात तो व्यवसायाच्या नावानं, तो बचत खात्यात जमा झाला नसता.

काही गोष्टी लिहायच्या राहिल्या. डॉलरचे पैसे येतात तेव्हा बँक पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे आहेत ते सांगणारा कोड, विचारते. सॉफ्टवेअर निर्यातीचा कोड आधीच शोधून लिहून ठेवा, नाहीतर रक्कम अडकून पडते. स्टोअरवर अमेरिकेच्या कराचा डब्ल्यू-८बेन फॉर्म भरताना पॅन नंबर टाका आणि भारत-अमेरिका कर कराराचा रकाना रिकामा सोडू नका, कराराचा दर बराच कमी आहे. उद्यम नोंदणीला एक रुपयाही लागत नाही. तालुक्याच्या चौकात त्यासाठी पैसे घेणारे बसलेत, त्यांच्याकडे जाऊ नका. आणि केंद्राशी बोलताना हेडसेट किती, हे आधीच विचारून घ्या. आर्णीच्या एका जिमनं दुसरा हेडसेट घेतलाय आणि ते विचारतायत, आता दुप्पट फी भरायची का? मी त्यांना सांगितलं, तीन हेडसेटपर्यंत ६,००० च.