आईचं वय वंदना कार्ड हरवलं, त्या दिवसाची धावपळ

पंढरपूरहून परतताना आईचं आयुष्मान वय वंदना कार्ड, म्हणजे सत्तरीपुढच्यांना रुग्णालयात मोफत उपचार मिळवून देणारं सरकारी कार्ड, एसटीत पडलं. ती ७७ वर्षांची, पंचाहत्तरीपुढे तिकीट मोफत. कंडक्टरला दाखवायला आधार काढलं तेव्हा त्याला चिकटलेलं हे कार्ड निसटलं असणार. घरी आल्यावर तिनं बटवा तीनदा झटकला. "आता दवाखान्यात कोण उभं करील रे मला?" हे ऐकून मलाच झोप लागली नाही.

सकाळीच तिला घेऊन तालुक्याला गेलो. पहिल्या सेवा केंद्रावर "नवीन अर्ज करावा लागेल" म्हणत पैसे मागितले. उठलो तिथून. दुसऱ्या केंद्रातली मुलगी म्हणाली, "काका, हरवला तो कागद. नोंदणी आहे तशीच आहे." फक्त पुन्हा डाउनलोड करायचं होतं.

पण आधारला जोडलेला मोबाइल वडिलांचा. ते गेल्यावर सिम बंद झालेलं. ओटीपी येणार कुठे? मग बोटं. उभा जन्म राखेनं भांडी घासलेली ती बोटं. मशीननं चार वेळा नाकारली. आई दर वेळी अंगठा पदराला पुसून पुन्हा ठेवायची. शेवटी मुलीनं तिला दाराशी उजेडात बसवलं आणि आयुष्मान ॲपवर चेहऱ्याची ओळख लावली. "आजी, डोळे मिचकवा." आईनं घट्ट मिटून उघडले, आणि झालं!

तुम्ही जाणार असाल तर आधी आधारचा मोबाइल नंबर तपासा. तो आधार केंद्रात जाऊन बदलून घेता येतो. कार्डासाठी आधारच लागतं, वयही त्यावरचंच धरतात. ७० पूर्ण असली की उत्पन्नाची अट नाही. घरात जुनं आयुष्मान कार्ड असलं तरी याचं केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) वेगळं करावं लागतं; त्यातून मिळणाऱ्या वर्षाच्या ५ लाखांत घरातल्या तरुणांचा वाटा नसतो. मात्र आई-वडील दोघंही सत्तरीपुढचे असले तर ते ५ लाख दोघांत मिळून. जुने आजार पहिल्या दिवसापासून धरतात. हे सगळं योजनेतल्या रुग्णालयात भरती झाल्यावरचं, नुसत्या तपासणीचं किंवा रोजच्या गोळ्यांचं नाही. रुग्णालय योजनेत आहे का, हे १४५५५ वर विचारून मगच गाडी काढा.

दोन प्रती काढल्या. एक बटव्यात, एक देवघराच्या फडताळात. फोटो बहिणीच्या फोनवरही पाठवला. सोमवारी आईला आधार केंद्रात न्यायचं आहे, माझा नंबर जोडायला.