फळांच्या सॅलडला पाणी सुटू नये म्हणून

फळं चिरली, लिंबू पिळलं, मीठ भुरभुरलं की सॅलड तयार. यात चुकण्यासारखं काय आहे? तरी अर्ध्या तासात भांड्याच्या तळाशी गुलाबी पाणी साठतं आणि फोडी लिबलिबीत होतात. दोष फळांचा नसतो. मीठ आणि साखर फोडीतलं पाणी बाहेर ओढतात, आणि कलिंगडात ९२ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, काकडीत त्याहून जास्त. त्यामुळे काय घालायचं यापेक्षा कधी घालायचं, हे इथे महत्त्वाचं.

चार जणांसाठी बिया काढलेल्या कलिंगडाच्या फोडी साधारण ४५० ग्रॅम, पिकलेला पण घट्ट आंबा १, बिनबियांची द्राक्षं १५० ग्रॅम, मध्यम काकडी १, पुदिन्याची १०-१२ पानं. वरून घालायला लिंबाचा रस २ मोठे चमचे, मध १ छोटा चमचा, मीठ पाव छोटा चमचा आणि तेवढीच जाडसर मिरपूड.

फळं अख्खी असतानाच फ्रिजमध्ये ठेवा. कलिंगड मोठं असेल तर आदल्या रात्रीपासून, बाकीच्यांना दोन-तीन तास पुरतात. आधी चिरून मग गार करत बसलं, की तेवढ्या वेळात पाणी सुटत राहतं. कलिंगड चिरण्याआधी साल वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. साल खायची नसली तरी तिच्यावरची घाण सुरीबरोबर गरात जाते.

कलिंगडाच्या फोडी दोन सेंटिमीटरच्या करा आणि दहा मिनिटं चाळणीत निथळू द्या. खाली जमलेला रस पिऊन टाका, सॅलडमध्ये परत ओतू नका. काकडीचं टोक आधी चाखा, कडू निघाली तर ती बाद. मग ती उभी चिरून मधला बियांचा भाग चमच्याने खरवडून काढा, सगळ्यात जास्त पाणी तिथेच असतं. द्राक्षं उभी अर्धी करा. अख्ख्या द्राक्षाच्या गुळगुळीत सालीवर रस ठरत नाही, कापलेल्या बाजूला लागून राहतो. आंबा मात्र दाबल्यावर किंचित दबणाराच हवा. पूर्ण मऊ झालेला ढवळताना फुटतो आणि सगळ्यावर त्याचा लगदा बसतो.

मध थेट गार फळांवर ओतला तर त्याच्या गुठळ्या होतात, म्हणून तो आधी लिंबाच्या रसात विरघळवून घ्या. पसरट भांड्यात फळं एकत्र करून हे मिश्रण आणि मिरपूड घाला आणि खालून वर असं दोन-तीनदाच हलकं हलवा. पुदिना पूर्ण कोरडा करून धारदार सुरीने चिरा. बोथट सुरीने पानं चेचली जाऊन काळी पडतात. मीठ सगळ्यात शेवटी, वाढण्याच्या पाच मिनिटं आधी. ते विसरू मात्र नका. गार पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते, चिमूटभर मिठाने ती उठून येते.

फळं बदलायची असतील तर खुशाल बदला. सफरचंद किंवा पेअर चिरल्या चिरल्या लिंबाच्या रसात घोळवा, नाहीतर तपकिरी पडतं. केळं अगदी पानात वाढताना. अननस, किवी किंवा पपई घेतलीत तर दही-क्रीमचा मोह टाळा, कारण त्यांच्यातली एन्झाइम्स दुधातली प्रथिनं तोडतात आणि थोड्या वेळाने कडवट चव येते. डब्यातल्या अननसाला हा त्रास नाही, तो डबाबंद करताना गरम केलेला असतो.

चिरलेली फळं बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. मीठ न घातलेल्या फोडी झाकून फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत राहतात. मीठ घातलेलं उरलं, तर त्याच दिवशी सुटलेल्या पाण्यासकट मिक्सरमधून फिरवा आणि गाळून प्या.